मजला पडणार नाही, पण थरथरतो त्याचं काय?
आयएस ८०० ठरवणाऱ्या समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
पोलादी बांधकामाची संहिता (आयएस ८००) ठरवणारी समिती,
भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

आयएस ८०० : २००७ मधल्या कलम ५.६.२ च्या शेवटी एक छोटं वाक्य आहे. मजल्याच्या कंपनाचा विचार विशेष साहित्याच्या आधारे करावा आणि परिशिष्ट ‘सी’ पाहावं, अशा आशयाचं. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आणि त्या परिशिष्टाबद्दल आहे. मी पुण्यात स्ट्रक्चरल सल्लागार म्हणून काम करतो. पोलादी सांगाडा, वर डेक शीट (पन्हळींचा पोलादी पत्रा) आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब अशा इमारती आमच्या ऑफिसात आता नेमाने येतात. त्यांच्या डिझाइन रिपोर्टमध्ये भूकंप असतो, वारा असतो, आग असते. कंपनाचं पान मात्र बहुतेक वेळा नसतं. ‘कोडमध्ये आहे ना?’ म्हणून विचारलं तर ‘परिशिष्टात आहे, सर’ असं उत्तर येतं. ‘परिशिष्टात’ म्हणजे ‘केलं नाही तरी चालतं’, असा अर्थ साइटवर आणि ऑफिसात रूढ झाला आहे.

हे आजवर खपून गेलं, कारण आपली सगळी सवय आरसीसीची. दीडशे मिलिमीटरचा स्लॅब, चार-पाच मीटरचे गाळे (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर), जागोजाग विटांच्या भिंती, वर टाइल्स आणि त्याखाली मालाचं जाड बेडिंग. असा मजला हलवायचा तर कष्ट पडतात. वजन भरपूर, ताठपणा भरपूर आणि भिंती हादरा गिळून टाकतात. त्यामुळे चालताना मजला हलतो ही तक्रार आपल्याकडे ना राहणाऱ्यांच्या कानावर आली, ना अभियंत्यांच्या. पोलादी इमारतीत यातल्या एकेका गोष्टीने पाय काढता घेतला. गाळा बारा मीटरवर गेला. स्लॅब पातळ झाला, तोही डेक शीटच्या पन्हळींमुळे निम्म्या रुंदीत आणखी पातळ. विटांच्या भिंती जाऊन मोकळं ऑफिस आलं. कागदांनी भरलेली कपाटं गेली. अलीकडे तर फॉल्स सीलिंगही नको असतं. डक्ट आणि पाइप काळा रंग मारून उघडे ठेवायचे, अशी फॅशन आहे. आर्किटेक्टला ते देखणं वाटतं. कंपन जिरवणारी उरलीसुरली एक गोष्ट मात्र त्यात हातची जाते.

आपण सारे जाणकार आहात, तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून एक साधा हिशेब मांडतो. समजा १२ मीटर लांबीचे बीम ३ मीटरच्या अंतराने आहेत आणि ते ९ मीटरच्या गर्डरवर (बीमना पेलणाऱ्या मोठ्या बीमवर) टेकले आहेत. वर १३० मिमीचा डेक स्लॅब. बीम आयएसएमबी ४५०, गर्डर आयएसएमबी ६०० (आय-आकाराचे प्रमाणित पोलादी बीम, आकडा मिलिमीटरमधल्या खोलीचा), दोन्हींना शिअर स्टड, म्हणजे स्लॅब आणि पोलाद एकत्र बांधणाऱ्या खुंट्या. ऑफिससाठी चौरस मीटरला ४ किलोन्यूटन चलभार (माणसं आणि सामान यांचा भार) धरला तर त्या भाराखाली बीम १८-१९ मिमी वाकतो. संहितेची मर्यादा गाळ्याचा ३६० वा भाग, म्हणजे ३३ मिमी. पास. ताकदीतही पास. फाइल बंद.

आता याच मजल्याला दुसरा प्रश्न विचारू: तू एका सेकंदाला किती वेळा हलतोस? स्लॅबचं वजन, बीमचं वजन, डक्ट-सीलिंग आणि रोजच्या वापरातला खरा भार मिळून चौरस मीटरला सुमारे ३.६ किलोन्यूटन होतात. त्याखाली बीम साधारण १६-१७ मिमी वाकतो, गर्डर ८-९ मिमी. दोन्ही मिळून २५. मिलिमीटरमधल्या या आकड्याचं वर्गमूळ काढून १८ ला त्याने भागायचं, की वारंवारता मिळते: ३.६ हर्ट्‌झ. (अनेक जण फक्त बीम तपासतात आणि ४.४ हर्ट्‌झ लिहून मोकळे होतात. पण तो बीम ज्याच्यावर टेकलाय तो गर्डरही हलतो, हे विसरून कसं चालेल?)

माणूस ऑफिसात चालतो ते सेकंदाला साधारण १.६ ते २.२ पावलांनी. मिनिटाला १०८ पावलं म्हणजे सेकंदाला १.८. (माळेचे मणी आठवले तर दोष माझा नाही.) पावलाचा आघात शुद्ध एका वारंवारतेचा नसतो, त्यात दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे अंशही असतात. १.८ ची दुप्पट ३.६. निवांत चालणाऱ्या एका माणसाचं दुसरं आवर्तन, म्हणजे हा दुप्पट वारंवारतेचा अंश, आणि आपल्या मजल्याची स्वतःची लय एकमेकांवर नेमकी बसली. या दुसऱ्या आवर्तनाचा जोर चालणाऱ्याच्या वजनाच्या जेमतेम पाचवा भाग असतो. पण लय जुळली की तेवढाही पुरतो.

किती हलतं ते पाहा, म्हणजे गंमत कळेल. बसलेल्या माणसाला नकोसं वाटावं अशी सीमा आपल्या परिशिष्टातही आणि अमेरिकी मार्गदर्शिकेतही (‘डिझाइन गाइड ११’, तिच्याबद्दल पुढे) गुरुत्वत्वरणाच्या ०.५ टक्के आहे. ३.६ हर्ट्‌झला याचा अर्थ मजला वर-खाली सरकतो तो मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. जाड कागदाएवढी ही हालचाल डोळ्याला दिसत नाही, पण पाठीला आणि पोटाला कळते, कारण चार ते आठ हर्ट्‌झच्या पट्ट्यात माणसाचं शरीर सगळ्यात हळवं असतं. बीमच्या दृष्टीने हा ताण नगण्य. म्हणूनच मालक म्हणतो ‘बिल्डिंगला काही धोका नाही’, वापरणारा म्हणतो ‘मला इथे बसवत नाही’, आणि दोघंही खरं बोलत असतात.

वाकण्याच्या मर्यादेने कंपनाचं काम भागत नाही, हे काही आज कळलेलं नाही. लांब गाळ्याचे गर्डर खोल घ्या, नाहीतर खोलीतली प्रत्येक वस्तू हलवल्याशिवाय माणसाला त्या मजल्यावर वावरता येणार नाही, असं टॉमस ट्रेडगोल्ड या इंग्रज अभियंत्याने १८२८ सालीच लिहून ठेवलं. ३६० चा भाजक मुळात छताच्या प्लास्टरला तडे जाऊ नयेत म्हणून आला. त्याच्याकडून कंपनाची हमी मागणं म्हणजे वॉचमनकडून ऑडिट करून घेण्यासारखं आहे.

आता परिशिष्टाच्या सगळ्यात नाजूक जागी येतो: डॅम्पिंग, म्हणजे कंपन जिरवण्याची मजल्याची क्षमता. आपल्या परिशिष्टात फिनिशिंग, फॉल्स सीलिंग, डक्ट, फर्निचर असलेल्या मजल्याला ६ टक्के आणि पार्टिशन असतील तर १२ टक्क्यांपर्यंत, असे आकडे आहेत. हे आकडे चूक नाहीत, जुने आहेत. ते टाचेच्या आघाताच्या चाचणीतून आले. एक माणूस गाळ्याच्या मधोमध चवड्यांवर उभा राहतो, टाचा एकदम खाली आदळतो आणि हादरा किती झपाट्याने विरतो ते मोजतात. या विरण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. काही ऊर्जा खरोखर जिरते आणि काही नुसती शेजारच्या गाळ्यांत पसरते. पसरलेल्या ऊर्जेला डॅम्पिंग म्हणायचं नसतं. माणूस चालतच राहिला तर हेलकाव्यामागून हेलकावा साचत जातो आणि तिथे उपयोगी पडतं ते फक्त जिरणारं डॅम्पिंग. ते बरंच कमी असतं.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शनच्या ‘डिझाइन गाइड ११’ने १९९७ मध्येच हा फरक स्पष्ट करून चालण्याच्या हिशेबासाठी आकडे १ ते ५ टक्क्यांच्या घरात आणले. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आणखी सुटे केले: सांगाड्याचा १ टक्का, सीलिंग आणि डक्टचा १, बिनकागदी ऑफिसच्या सामानाचा अर्धा, आणि छतापर्यंत भिडणारी पार्टिशन असतील तरच त्यांचे २ ते ५. म्हणजे आजच्या मोकळ्या ऑफिसला अडीच टक्के. सीलिंग काढलं की त्याहून कमी.

आमच्याकडे होतं काय, तर मुलं सूत्र अमेरिकी मार्गदर्शिकेतून घेतात, कारण ते चालण्यासाठी बनवलेलं आहे, आणि डॅम्पिंग आपल्या परिशिष्टातून, कारण रिपोर्टमध्ये भारतीय संहितेचा उल्लेख लागतो. वरच्याच मजल्यावर हा खेळ करून पाहिला. २ टक्क्यांना त्वरण येतं ०.५९ टक्के, म्हणजे नापास. ३ टक्क्यांना ०.३९, म्हणजे पास. आणि परिशिष्टातले ६ टक्के घातले की ०.२ च्या आसपास. मजला उत्तम, शाबासकी. स्लॅब तोच, बीम तेच, चालणारा तोच. निकाल फिरवला तो एका तक्त्यातल्या एका आकड्याने. तपासणाऱ्याच्या हातात हा पेपर आला तर त्याला त्यात खोट सापडणार नाही, कारण प्रत्येक आकड्याला कोणत्या ना कोणत्या अधिकृत पानाचा आधार आहे.

भाराच्या बाबतीतही असाच एक उलटा धडा आहे, आणि तो संहितेने ठळक अक्षरांत शिकवायला हवा. ताकदीच्या हिशेबात भार जास्त धरला की आपण सुरक्षित बाजूला असतो. चालण्याने येणाऱ्या कंपनात तसं नाही. इथे मजल्याचं वजन हाच आपला मित्र. जास्त चलभार धरला की कागदावर मजला जड होतो, वारंवारता थोडी उतरते, पण त्वरण छान कमी दिसतं. प्रत्यक्षात टेबलावर एक लॅपटॉप आणि पाण्याची बाटली असते. आयएस ८७५ या भारांच्या संहितेतले अडीच किंवा चार किलोन्यूटन इथे घ्यायचे नाहीत. खरा भार अर्ध्या किलोन्यूटनच्या आत-बाहेर असतो. हे माहीत नसलेला सावध अभियंता आपल्या सावधपणामुळेच फसतो.

परिशिष्ट म्हणतं की नेहमीच्या वावराच्या मजल्यांची वारंवारता ५ हर्ट्‌झच्या खाली नसावी, आणि तालावरच्या हालचालींसाठी ८ च्या खाली नसावी. दुसऱ्या अटीशी माझं भांडण नाही. पहिलीबद्दल मात्र बोलायला हवं. नुसत्या वारंवारतेवरून मजला बरा की वाईट हे ठरत नाही. जड, रुंद, अनेक गाळ्यांत सलग पसरलेला ४ हर्ट्‌झचा मजला शांत असू शकतो. हलका, अरुंद, कडेला मोकळा सुटलेला ६ हर्ट्‌झचा मजला त्रास देऊ शकतो. बारा मीटरच्या गाळ्याला ५ हर्ट्‌झ गाठायचे तर पोलाद इतकं वाढतं की मालक हिशेब बघून आरसीसीकडे वळतो. मग अभियंता परिशिष्टाकडे काणाडोळा करतो. अव्यवहार्य अट लिहिली की ती पाळली जात नाही, आणि तिच्या शेजारची व्यवहार्य अटही तिच्याबरोबर बुडते.

वर ज्याला मोकळं ऑफिस म्हणतोय, त्याचं एक उदाहरण देतो. पुण्याच्या पश्चिमेला असलेल्या एका इमारतीत आम्हाला तक्रार तपासायला बोलावलं. डिझाइन आमचं नव्हतं. कुणाचं ते इथे महत्त्वाचं नाही. लांबलचक मोकळा मजला आणि दारापासून पॅन्ट्रीपर्यंत जाणारी मुख्य वाट नेमकी बीमच्या मध्यावरून. वाटेच्या दोन्ही अंगांना टेबलं. आम्ही टाइलवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारं यंत्र) चिकटवला. सहकाऱ्याने फोनवर ठराविक लयीत ठोके देणारा मेट्रोनोम लावला आणि ठोक्यावर चालायला लागला. मिनिटाला १०० ठोक्यांना लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ शांत. ठोके वाढवत नेले तशी ती अचानक फुगली आणि आणखी वाढवल्यावर पुन्हा बसली. मध्ये ती फुगली तेव्हा शेजारच्या टेबलावरची मॉनिटरची कड थरथरताना दिसत होती आणि बाटलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत होती. तिथे बसणारी मुलगी म्हणाली, “सर, मला वाटायचं मलाच चक्कर येतेय. डॉक्टरकडे जाऊन आले.” आणि मग हळूच, “पडणार नाही ना?”

पडणार नव्हताच. पण उपाय काय? बीमच्या खालच्या फ्लॅंजला (आडव्या कडेला) पट्टी वेल्ड करता आली असती. त्याआधी जॅक लावून बीम वर उचलावा लागतो, आणि ताठपणा ४० टक्के वाढवला तरी वारंवारता वाढते जेमतेम १८ टक्के, कारण हिशेबात वर्गमूळ आहे. खालच्या मजल्यावर बीमच्या मध्याखाली छताला भिडणारी पार्टिशन घालणं स्वस्त आणि परिणामकारक होतं. पण खालचा मजला दुसऱ्या भाडेकरूचा, आणि वरच्यांच्या चालण्यापायी आपल्या ऑफिसात भिंत उभारायला तो कशाला तयार होईल? ट्यून्ड मास डॅम्परचा (मजल्याच्या लयीला उलट हलून कंपन शोषणाऱ्या टांगत्या वजनाचा) खर्च ऐकून बैठक संपली. शेवटी वाट हलवली. चालण्याचा मार्ग कॉलमच्या रांगेवर घेतला, टेबलं मध्यावर सरकवली. मजला तोच राहिला, फक्त तो जिथे सगळ्यात सहज हलायचा तिथे कुणी चालेनासं झालं. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. नकाशावर हा बदल कागद-पेन्सिलीने झाला असता.

तालावरच्या हालचालींचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. जुलै २०११ मध्ये सोलमधली टेक्नोमार्ट ही ३९ मजली इमारत सुमारे दहा मिनिटं हलली आणि लोकांना बाहेर काढावं लागलं. भूकंप नव्हता. तपासाचा निष्कर्ष असा निघाला की बाराव्या मजल्यावरच्या जिममध्ये सतराएक जण संगीताच्या ठेक्यावर ताएबोचा (लाथा-ठोशांच्या एरोबिक्सचा) जोरकस व्यायाम करत होते आणि त्यांचा ठेका इमारतीच्या उभ्या कंपनाच्या लयीशी जुळला. हादरे जाणवले ते कितीतरी वरच्या मजल्यांवर. चालताना दुसऱ्या आवर्तनाचा जोर वजनाच्या पाचव्या भागाएवढा, असं वर लिहिलं. एका ठेक्यावर उड्या मारताना पहिल्याच आवर्तनाचा जोर वजनाच्या दीडपट जातो, आणि वर माणसं वीस-तीस. आपल्याकडे ऑफिसच्या इमारतीत चौथ्या-पाचव्या मजल्यावर झुंबाचे वर्ग चालतात, सर्वात वरती बँक्वेट हॉल असतो, नवरात्रात तिथेच गरबा होतो. मूळ डिझाइनमध्ये ती जागा ‘ऑफिस’ असते. वापर बदलताना अग्निशमनाचा दाखला मागतात, पार्किंग मोजतात. मजला नाच सोसेल का, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न महापालिकेचा, हे मान्य. पण संहितेत वाक्यच नसेल तर महापालिका तरी कशाच्या आधारावर विचारणार?

रुग्णालयं आणि प्रयोगशाळांबद्दल थोडक्यात. आपलं परिशिष्ट मुख्यतः ऑफिसच्या मजल्यापुरतं आहे. शस्त्रक्रियागृहाला, एमआरआयला, सूक्ष्मदर्शकाला लागणाऱ्या मर्यादा बऱ्याचदा त्वरणात नाही तर वेगात, सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागात आणि त्याहून खाली मोजतात. त्यासाठी आम्ही आज सरसकट परदेशी कागद वापरतो आणि प्रत्येक जण वेगळा वापरतो.

तेव्हा समितीकडे मागणं असं. कलम ५.६.२ मधलं ‘विशेष साहित्य’ हे शब्द काढून तिथे ठोस अट यावी: अमुक लांबीच्या पुढच्या किंवा अमुक वारंवारतेच्या खालच्या प्रत्येक पोलादी-काँक्रीट मजल्याचा त्वरणाचा हिशेब रिपोर्टमध्ये असलाच पाहिजे. आकडा समितीने ठरवावा. माझ्या मते ९ मीटरपासून सुरुवात करायला हरकत नाही. वारंवारतेचा नियम प्राथमिक चाळणी म्हणून राहू द्या, निकाल त्वरणावर लागू द्या. डॅम्पिंगचा तक्ता नव्याने लिहा, आकडे कोणत्या पद्धतीच्या हिशेबासाठी आहेत ते त्याच पानावर छापा, आणि ‘मोकळं ऑफिस, सीलिंग नाही’ अशी एक ओळ त्यात असू द्या. हिशेबात धरायचा खरा भार द्या. काँक्रीटचा गतिज लवचिकता गुणांक (हलत्या भाराखाली ते किती ताठ वागतं त्याचा आकडा) नेहमीच्या गुणांकाच्या १.३५ पट धरण्याची पद्धत बाहेर रुळली आहे. आपल्याकडे काय धरायचं ते सांगा, म्हणजे प्रत्येक ऑफिसात वाद होणार नाही. २०२२ मध्ये आयएस ११३८४ ही कंपोझिट (पोलाद आणि काँक्रीट एकत्र काम करतात अशा) बांधकामाची संहिता नव्या रूपात आली. तिच्यात आणि आयएस ८०० मध्ये या विषयाचं उत्तर एकच असावं, एवढी काळजी घेतली तरी आमचं अर्धं काम हलकं होईल.

खर्चाचा आक्षेप येणार, तोही बोलून टाकतो. नकाशाच्या टप्प्यावर वीस मिमी जास्तीचं काँक्रीट, किंवा बीमची खोली पन्नास-शंभर मिमीने वाढवणं, किंवा कॉलमची रांग आणि वाट यांची सांगड घालणं, यातला कोणताही उपाय इमारतीच्या एकूण खर्चात शोधूनही सापडायचा नाही. विकसकांची खरी अडचण मजल्याच्या उंचीची असते. बीम खोल केला की डक्ट खाली येतो आणि चार मजल्यांमागे उंचीचा हिशेब बिघडतो. त्यावर उत्तर म्हणून बीमच्या वेबला (मधल्या उभ्या पत्र्याला) भोकं पाडून डक्ट आरपार नेणं आता इथेही होतं. जादा स्लॅबचं वजन भूकंपाच्या हिशेबात वाढतं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि समितीने तो तपासूनच आकडे ठरवावेत.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. आपल्या मजल्यांची, आपल्या टाइल्स-बेडिंगसकट, आपल्या जिप्सम पार्टिशनसकट केलेली मोजमापं एकत्र कुठेच नाहीत. आमच्यासारख्या ऑफिसांकडे ती सुटी-सुटी पडून आहेत, तक्रारींच्या फायलींत. इमारतीचं आणि मालकाचं नाव झाकून गाळा, स्लॅबची जाडी, मोजलेली वारंवारता आणि डॅम्पिंग एवढंच द्यायला आमची तयारी आहे. इतरांनाही ती असेल असं मला बोलण्यातून दिसलं आहे. समितीने एक साधा नमुना-तक्ता काढला आणि तो कुठे पाठवायचा ते सांगितलं, तर आमच्याकडची पहिली पानं लगेच पाठवतो.

आपला,
पुण्यातला एक स्ट्रक्चरल सल्लागार